रडायला आणलेली बाई

पंचाक्षरी सर बोलायला उठले की भूकंप निघणारच, हे अख्ख्या लातूरला ठाऊक होतं. पोरांचा निकाल असो, कुणाच्या शोरूमचं उद्घाटन असो, नाहीतर कुणाची एकसष्टी असो, सर माइक हातात घेत आणि फिरूनफिरून त्र्याण्णव सालच्या त्या पहाटेवर येत. हसीनानं मात्र ती गोष्ट सरांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ऐकणार कधी? गंजगोलाईतलं बांगड्यांचं दुकान सोडून ती कुठल्या सभेला जाणार होती! आज आली ती दवाखान्यापायी. गल्लीतला पालिकेचा दवाखाना, तिच्या लहानपणापासूनचा. त्याच्याच अंगणात मांडव घातला होता. डॉक्टर बदलून गेला त्याला बरीच वर्षं झाली, दुसरा आलाच नाही. नर्सबाई आली तर आली. औषधाच्या कपाटात कापूस आणि पाली. आता पालिका म्हणत होती, आमच्याच्यानं होत नाही, लोकांचं लोकांनी चालवावं. लोक म्हणजे कोण, तर पंचाक्षरी सरांची सेवा समिती. खाली दवाखाना, सेवाभावी डॉक्टर आळीपाळीनं येणार. वर, बाळंतिणींची खोली होती तिथं, सरांच्या क्लासच्या पोरांची अभ्यासिका. गल्लीनं हात वर करून होकार द्यायचा, आणि बायांच्या वतीनं अनुमोदन हसीनानं द्यायचं, असं पालिकेच्या हणमंतराव साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ठरवलं त्यात चूक काही नव्हतं. गल्लीतल्या एकूण एक बाईनं तिच्यापुढं हात धरून बांगड्या भरलेल्या; ती हो म्हणाली की बाया हो म्हणणार. आणि ती हो म्हणणारच होती. का म्हणू नये? तिची इकरा सरांच्याच क्लासला होती, बारावीला, तीही बिनफीची. पुढच्या रांगेत ती मान ताठ करून बसली होती, शेजारी पापडवाली गुणाबाई, तिची जन्माची शेजारीण, आणि दोघी जणी चहा कधी येतो याची वाट बघत होत्या.

"त्या ढिगाऱ्यातून," सर म्हणाले, "आम्ही एक माउली काढली." मग थांबले. थांबणं त्यांना फार चांगलं जमायचं. "त्या घरची सगळी प्रेतं आधीच निघाली होती. गावातल्या एका म्हाताऱ्यानं ओळखली. आणि मग ओसरीच्या माळवदाखालून ही एक. कुणाला ओळख पटेना. गळ्यात काळी पोत. डावा हात छातीखाली दुमडलेला, म्हणून हातातली एक बांगडी फुटली नव्हती. कोपरापर्यंत हिरवा चुडा! पण मंडळी, त्यातली एकसुद्धा बांगडी दुसरीसारखी नव्हती. एक जाड, एक बारीक, एक टिकलीची, एक सोनेरी कडेची. गरिबाघरची सवाष्ण. कुणी दिलेली एक, कुठं सापडलेली एक, अशा गोळा करून तिनं हात भरला होता. वारस कुणी नाही. आम्ही लिंगायत, आम्ही आमचं माणूस मातीत बसवतो, लिंग हातात देऊन. पण त्या दिवशी जातधर्म कुठला आणि वेळ कुठला? मी तिचा मुलगा झालो. या हातांनी तिला अग्नी दिला." मांडवात पदर डोळ्यांना लागले. गुणाबाईनं सूं सूं नाक ओढलं. हणमंतराव साहेबांनी चष्मा काढून पुसला.

हसीनाला काही झालं नाही. म्हणजे लगेच काही झालं नाही. सरांच्या मागच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाची जुनी जाहिरात होती, त्यातल्या बाईचं नाक उडालेलं होतं, ते ती बघत राहिली. मग सरांचे शब्द परत कानात वाजले. एकीसारखी दुसरी नाही. अगं बाई, एकीसारखी दुसरी कशी असेल! अम्मीच्या डाव्या हातावर तिचं दुकान होतं. गाठोडं सोडायच्या आधी ती पायरीवर बसून हात पुढं करायची, म्हणायची, बघा गं पोरींनो, यातली कोणती भरू, बोट ठेवा. पोरी त्या हातावर बोट ठेवायच्या आणि मग तसल्याच बांगड्या गाठोड्यातून निघायच्या. खेडोपाडी फिरणारी कुठलीही मनियार बाई हे असंच करते. प्रत्येक तऱ्हेची एक, वरून खालपर्यंत. हसीना लहान असताना त्याच हातावर बोट फिरवत झोपायची, आणि अम्मी म्हणायची, नको गं ओढू, माल हाय तो. माल. हा माणूस म्हणत होता, गोळा केलेल्या. सापडलेल्या. माझ्या अम्मीनं उकिरड्यावरनं उचलल्यासारख्या.

तिला ओरडायचं होतं, पण सरांचं संपलं नव्हतं. रडवून झालं की थोडं हसवायचं, हा त्यांचा रिवाज. वर्गात पण ते तसंच शिकवतात असं इकरा सांगायची. "आणि जग बघा कसं असतं," सर म्हणाले, "आम्ही प्रेतं उचलतोय, आणि तिकडं खोटे वारस गोळा झालेले! सरकार मदत देणार म्हटल्यावर काय विचारता. त्याच संध्याकाळी कुणीतरी एक तरणी बाई रडायला आणली होती. आम्ही दोरी बांधलेली, त्या दोरीला लोंबकळून असा टाहो फोडला तिनं! अंगावरचं झंपर भिजलेलं, केस सुटलेले. माझी आई त्या घरात होती म्हणे. नाव विचारलं, तर मुसलमानाचं! मी म्हटलं, ताई, लिंगायताच्या ओसरीवर तुझी आई कशाला निजेल? येताना जरा नीट पाठ तरी करून यायचं!" मांडव खदखदून हसला. गुणाबाई ओल्या डोळ्यांनी हसली आणि हसीनाला कोपरानं ढोसून म्हणाली, "लोक बी लई बाराचे असतेत गं."

ती बाई हसीना होती. तिला कुणी आणलं नव्हतं. उलट तीच नवऱ्याच्या मागं लागली होती, यासेर नाही म्हणत असताना त्याच्या टेम्पोत चढून बसली होती, दुधावरच्या इकराला या गुणाबाईच्याच मांडीवर टाकून. नवरात्र तोंडावर आलेलं, खेड्यांतल्या बाया हात भरायच्या, अम्मी गाठोडं घेऊन औशाच्या बाजूला गेली होती. तिकडं तिचा मुक्काम ठरलेला, गंगम्माकडं. गंगम्मा म्हणजे मोठ्या बारदान्याच्या, भरल्या लिंगायत घरची कर्ती बाई, बोलताना निम्मं कानडी, अम्मीला रसूलबी न म्हणता रसूलव्वा म्हणायची. चहाचा पेला वेगळा, कोनाड्यात पालथा घातलेला. पण थंडी पडली की गोधडी एकच. दोघी तंबाखू चोळत अर्धी रात्र सुनांच्या चुगल्या करायच्या. हे सगळं हसीना दोरीपलीकडून सांगत होती. सांगत कसली, किंचाळत होती. पाऊस पडून गेलेला, पायाखाली चिखल, डिझेलचा वास, पडलेल्या घरांच्या तुळयांची सरणं जळत होती, आणि त्या धुराच्या अलीकडं छातीवर कापडी बिल्ला लावलेला एक शिकलासवरलेला माणूस उभा होता. त्याचा चेहरा तिला आठवत नव्हता. आवाज आठवत होता. तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो मायेनं बोलला. बरं बरं, जा आता घरी, लेकरं वाट बघत असतील, म्हणाला. लेकरू म्हटल्याबरोबर तिला पान्हा फुटला आणि झंपर भिजलं. तेच ते, ज्याच्यावर आत्ता मांडव हसला. त्या घरची सगळी माणसं सापडली, गावच्या म्हाताऱ्यानं ओळखली, मुसलमानाचं जास्तीचं कुणी नाही, असं त्यानं सांगितलं आणि तिनं ऐकलं. म्हणजे अम्मी तिथं नव्हतीच, पुढच्या गावाला निघून गेली असेल, असं वाटून तिला त्या चिखलात उभ्या उभ्या आनंद झाला होता. आनंद! तो धूर नाकात जात होता, खोकला येत होता, आणि अम्मी त्या धुरातच होती.

मग सुरू झालं ते हिंडणं. ज्यानं हिंडून पाहिलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. कचेरीत गेलं की साहेब म्हणायचा, आमच्याकडं माणसं कुठं होती, ते सगळं सेवकांनी केलं, त्यांना विचारा. सेवकांच्या छावणीत गेलं की ते म्हणायचे, ताई, आम्ही पुण्याईचं काम करायला आलो, आम्हाला काय माहीत, सरकारला विचारा. चार दिवसांनी परत गेलं तर छावणीच नव्हती. आले तसे गेले, ज्याच्या त्याच्या गावाला. गचांडी धरायची तर कुणाची धरायची? सरकारी माणूस निदान खुर्चीला बांधलेला असतो. त्याच्या दारात बसता येतं, त्याला शिव्या घालता येतात, वरच्या साहेबाकडं जाता येतं. सेवा करणाऱ्याला काय म्हणणार? त्याला पगार नाही, खुर्ची नाही. त्याच्याकडं फक्त उपकार. उपकाराविरुद्ध अर्ज कुठं देतात? हसीनाच्या डोक्यात हे सगळं इतक्या नीट शब्दांत येत नव्हतं, पण आत कुठंतरी ते इतकी वर्षं रांजणातल्या गाळासारखं बसलेलं होतं, आणि आज पंचाक्षरी सरांनी त्यात हात घालून ढवळलं.

अब्बा तर शेवटपर्यंत मानायला तयार नव्हते. अकरम मनियार म्हणजे गोलाईतला तापट म्हातारा, पण या एका गोष्टीत लहान लेकरासारखा हट्टी. मौलवीसाब समजवायला आले की म्हणायचे, "मय्यत देखा क्या किसीने? नै ना? फिर?" कुणीतरी सांगितलं, नांदेडच्या एका दवाखान्यात भूकंपातली एक बाई हाय, तिला काही आठवत न्हाई, आपल्या बोलीत बडबडती. अब्बांनी नवा लेंगा शिवला. लेंगा! एसटीत खिडकीशी बसून अर्धापूरची केळी विकत घेतली, रसूलबीला आवडतात म्हणून. दवाखान्यातली बाई देगलूरकडची निघाली, तेलुगू बोलत होती. केळी तिलाच देऊन आले. परतताना हसीनाला त्या तेलुगू बाईचा इतका राग आला होता की बस. त्या बिचारीनं काय केलं होतं? तरी पुढं कितीतरी वर्षं दार वाजलं की अब्बा आधी उठायचे. फातेहा दिला नाही. तिचे कपडे वाटले नाहीत. दफन करायला आलेली माणसं मूठमूठ माती देतात, ती माती द्यायला अब्बांचे हात शेवटपर्यंत रिकामे राहिले आणि मग त्यांनाच माती द्यायची वेळ आली. भावकीत एक जण तर म्हणाला होता, बाई कुणाबरोबर गेली असंल. यासेरनं त्याचे दोन दात पाडले. आणि इतका सगळा वेळ, हा माणूस, इथंच, याच गावात, रस्त्याच्या पलीकडं, माइक घेऊन सांगत होता! निकालाच्या सभेत, शोरूमच्या उद्घाटनात. अख्ख्या लातूरला अम्मीचा हात ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो फक्त अम्मीच्या घरच्यांना.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची तिथं गेली आणि मग खाली उतरून पोटात स्थिर झाली. बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं. इतक्या वर्षांनी रागाला एक तोंड मिळालं, चष्म्याचं, गोरंगोमटं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. तिनं त्या तोंडाकडं आता नीट बघितलं. हे तोंड कसं फोडायचं? चप्पल काढून मारावी, तर लोक धरतील, वेडी म्हणतील, आणि हा म्हणेल, सोडा तिला, दुःखी आहे बिचारी. नको. सरांची बायको अंजू तिच्या दुकानात यायची, थोरलीचं लग्न दिवाळीनंतर होतं, चुडा भरायला हसीनालाच बोलावलं होतं, आधी सांगून ठेवलं होतं. भर मांडवात त्या नवरीचा हात आपल्या हातात येणार. मऊ हात, पुस्तक सोडून काही न धरलेला. आणि मग आपण तो दाबायचा, बांगड्या चढवायला दाबतात तसा, पण जरा जास्त, जरा अजून, काच कडाकडा फुटेपर्यंत. हळदीच्या अंगावर रक्त. लग्नघरात किंकाळी. त्या पोरीचा काय गुन्हा, असं तिच्या मनात आलं, आलं नाही असं नाही, पण तरीही तिनं ते चित्र पहिल्यापासून पुन्हा एकदा बघितलं, चवीनं. अम्मीचा तरी काय गुन्हा होता? आगीला एवढी भ्यायची की फोडणी टाकताना मागं सरकायची. याला कुणी सांगितलं होतं मुलगा व्हायला? मुलगा व्हायच्या आधी विचारलं कुणाला? मुलगी दोरीपाशी उभी होती. तिला हाकलून हा मुलगा झाला.

सर खाली बसले, टाळ्या झाल्या, आणि हणमंतराव साहेब उठले. हा माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. सरकारच्या मर्यादा, लोकसहभाग, समाजानंच आता पुढं यायचं, असं तो घोकल्यासारखं बोलत होता आणि मधेच आभाळाकडं बघत होता. हसीनाला एकाएकी आठवलं, इकराला लहानपणी कावीळ झाली तेव्हा याच दवाखान्याच्या या पायरीवर ती पोर मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टर जेवायला गेलेला, येईना. तिनं असा गिल्ला केला, अशा शिव्या घातल्या डॉक्टरला, त्याच्या साहेबाला, साहेबाच्या साहेबाला, की डॉक्टर हात न धुता पळत आला. आला, कारण त्याला येणं भाग होतं. पगार खातोस ना मेल्या, ती म्हणाली होती, आणि तो बिचारा खाली मान घालून सुई शोधत होता. उद्या इथं सेवाभावी डॉक्टर बसला आणि आला नाही, तर कुणाला शिव्या घालायच्या? तो म्हणेल, ताई, मी माझा वेळ देतोय. आणि बाया म्हणतील, व्हय, बिचारा. वर पोरं अभ्यास करतील, गलका करू नका म्हणतील. आणि बाळंतिणी? त्या कुठं जातील कोण जाणे. हे सगळं खरंच होतं आणि पुढं तिनं लोकांना हेच सांगितलं. पण त्या घडीला, मांडवात बसलेली असताना, हा विचार आला आणि गेला. पोटात बसला होता तो निव्वळ सूड. दवाखान्याचं जे व्हायचं ते होवो. या माणसाला हवं आहे ना, मग मिळू नये, एवढंच.

"आता बायांच्या वतीनं आपल्या हसीनाताई अनुमोदन देतील," हणमंतराव म्हणाले. आणि सरांनी बसल्या बसल्या माइक ओढून हसत जोड दिली, "त्यांची इकरा आमचीच लेक आहे बरं का. डॉक्टर करणार आहोत आम्ही तिला." पुन्हा टाळ्या. हसीना उठली. इकरा या वेळी क्लासमध्ये असेल, फिजिक्सच्या तासाला, बाकावर पुढं वाकून, जीभ दातात धरून लिहीत असेल. पहाटे उठून, ओढणी डोक्याला गुंडाळून, हातात भाकरीचा रोल घेऊन पळणारी पोरगी. ती काय म्हणेल? अम्मी, तुला आत्ताच बोलायचं होतं का, परीक्षा झाल्यावर बोलली असतीस तर नानी काय उठून जाणार होती का? म्हणेल. नक्की म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. हसीना व्यासपीठावर चढली, माइकला हात लावला, तो कुंई करून ओरडला. समोर सगळी ओळखीची तोंडं. हातांवरून तर तिनं एकेकीला डोळे मिटून ओळखलं असतं.

"सर," ती म्हणाली, "ती बाई बेवारस नव्हती. रसूलबी मनियार तिचं नाव. माझी अम्मी. त्या बांगड्या तिनं कुठनं गोळा केलेल्या नव्हत्या, विकायला घातलेल्या नमुन्याच्या होत्या. गंगम्माच्या ओसरीवर ती दर साली निजायची. आणि रडायला मला कुणी आणलं नव्हतं. माझी मीच आले होते."

मागच्या रांगांतली माणसं उभी राहून बघायला लागली. मग गुणाबाई उठली, खुर्ची मागं पडली. "आगं माय गं! तवा इकरा माझ्यापाशी व्हती! दोन दिस म्या तिला शेळीचं दूध पाजलं!" आणि तोंडात पदर कोंबून ती मटकन खालीच बसली, मघाशी आपण हसलो ते तिला आठवलं असावं. हसीना मात्र सरांकडं बघत होती. याचसाठी तर ती चढली होती वर. सरांचं तोंड उतरलं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत उतरलं, ओठांच्या कडा लोंबल्या, आणि तिला वाटलं, मिळालं, हेच पाहिजे होतं, अजून थोडं. पण नाही. पातं लवलं आणि सरांचे डोळे भरून आले. खरेच भरून आले, ढोंग नव्हतं ते. हीच तर भानगड होती या माणसाची. ते उठले, हात जोडले, माइकजवळ येऊन कापऱ्या आवाजात म्हणाले, "ताई, या पापाला क्षमा नाही. पण मी तिला आई म्हटलं होतं. आज मला बहीण सापडली." आणि सगळ्या लातूरला घडवणारा तो माणूस, ज्याच्या पाया पडायला आईबाप रांगा लावायचे, तो गुडघे टेकून खाली वाकला आणि त्यानं हसीनाच्या पायांवर डोकं ठेवलं.

मांडव विरघळला. दुसरा शब्द नाही. बाया रडत होत्या, बाप्ये रडत होते, कुणीतरी म्हणत होतं काय मन हाय बघा, एवढा मोठा माणूस, बाईमाणसाच्या पाया पडतोय. पेपरचा फोटोवाला खुर्चीवर चढला. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. आणि हसीनाला कळून चुकलं की तिचा सूड तिच्या हातातून गेला. तिनं जो दगड मारला तो त्यानं झेलून डोक्यावर ठेवला, फुलासारखा. पुढच्या सभेत तो सांगणार होता, आणि मंडळी, इतक्या वर्षांनी त्या माउलीची लेक मला भेटली. थांबणार होता. पदर डोळ्यांना लागणार होते. अम्मी गेली, आता हे पण गेलं, हे पण तो घेऊन चालला सेवेच्या गाडीत घालून. आता आपण वाकायचं, त्याच्या दंडाला धरून उठवायचं, असू द्या सर म्हणायचं. तशी रीतच आहे. पाया पडलेल्याला कोण तसं ठेवतं? सगळा मांडव तिच्या हातांकडं बघत होता.

तिनं हात हलवले नाहीत. टाळ्या चालू होत्या. सर वाट बघत होते. त्यांच्या टाळूवरचे विरळ केस, मानेवरचा घाम, शर्टाच्या आतून दिसणारा लिंगाचा दोरा, सगळं तिला वरून दिसत होतं. माणूस वरून किती साधा दिसतो. "ताई, हात ठेवा डोक्यावर, उठवा सरांना," हणमंतराव हळूच म्हणाले. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सरांनी गुडघा बदलला. पन्नाशीचा माणूस, फळीवर टेकलेला, दुखत असणार. दुखू दे. मग खालून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, सर बोलले, आणि माइकवरचं ते पुस्तकी मराठी नव्हतं, घरचं होतं. "उठू द्या की आता, ताई. पोरीचं बारावीचं साल हाय. मनाला लावून घेऊ नगा." धमकी होती का विनवणी, ते तिला कधीच ठरवता आलं नाही. पण आवाज तोच होता. बरं बरं, जा आता घरी. मायेचा.

तेव्हा तिनं उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. टाळ्यांचा कडकडाट झाला, फोटोवाल्याचा उजेड पडला. सर उठायला लागले आणि उठता येईना. तो हात काही आशीर्वादाचा हात नव्हता. जाड हाडाच्या, कष्टाच्या, फुगलेल्या बायांचे पंजे दाबून दाबून पहिल्या, सगळ्यात लहान मापाच्या बांगडीतून काढणारा तो हात होता, आणि तिनं त्यात आपलं सगळं वजन घातलं. बोटं केसांत रुतली. खाली कवटीची ऊब लागत होती. सरांना आधी वाटलं असावं, बाईला भरून आलंय. मग त्यांना समजलं. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. लोकांना काही कळत नव्हतं, लोक रडत होते आणि टाळ्या वाजवत होते, आणि हसीनाला त्र्याण्णव सालानंतर पहिल्यांदा पोटभर श्वास आला. इकरा पुन्हा एकदा डोळ्यांपुढं आली, पुस्तकं आवरून बाकावरून उठणारी. रडेल. दुसरा क्लास बघू, नाहीतर घरी शिकेल, नाहीतर आयुष्यभर मला बोल लावेल. लावू दे.

"मग मंजूर समजायचं ना, ताई?" हणमंतरावांनी विचारलं. ते पण डोळे पुसत होते.

"न्हाई," हसीना म्हणाली. माइक लांब होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "दवाखाना पालिकेचा हाय, पालिकाच चालवंल. चालवणार न्हाई तर आम्ही तुमच्या दारात येऊन बसू, रोज. आन् ह्येंना माफी न्हाई."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. पुढच्या थांबल्या, मागच्या थोडा वेळ चालू राहिल्या, मग त्याही तुटत तुटत गेल्या. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. समितीची दोन माणसं व्यासपीठाकडं धावली, पण बाईमाणसाच्या हाताला धरायचं कसं, म्हणून तिथंच घुटमळली. सरांनी दोन्ही हात फळीवर टेकून वर जोर केला. तिनं हात काढला नाही.